‘दूध पुरंना गेलंय’ : लेकीच्या बाळंतपणातले माझे सहा महिने

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे सातव्या महिन्यातच ठरलं होतं. ती आणि जावई छत्रपती संभाजीनगरला असतात. वाळूजच्या एका कंपनीत ती हिशोबाचं काम बघते. १८ नोव्हेंबर २०२४ ला तिची २६ आठवड्यांची प्रसूती रजा सुरू झाली आणि ती औसा तालुक्यातल्या आमच्या गावी आली. मी डिंक, खारीक, खोबरं, अळीव आणून ठेवले होते. जुन्या साड्यांची दुपटी शिवून, धुऊन, उन्हात वाळवून झाली होती. लेकराला अंगावर पाजायला आईलाही शिकावं लागतं आणि आजीलाही, हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी तीन लेकरं वाढवली, मला येतंच, असं धरून चालले होते.

२ डिसेंबरला सकाळी लातूरच्या एका खासगी दवाखान्यात सिझेरियन झालं. बाळाचे ठोके कमी होत होते, म्हणून घाईनं निर्णय झाला. नात झाली, वजन २ किलो ७०० ग्रॅम. चार दिवसांचं बिल औषधं धरून ४६,००० रुपये आलं. सरकारी दवाखान्यात सिझेरियनसुद्धा मोफत होतं, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, जेवण, येण्याजाण्याची गाडी सगळं मिळतं. ज्यांना शक्य आहे त्यांनी ते आधी जाऊन बघून ठेवावं. आमची तपासणी पहिल्यापासून या डॉक्टरांकडं होती म्हणून आम्ही तिथंच राहिलो.

लेक अजून आतच होती तेव्हा बाळ माझ्या हातात दिलं. ते ओठ चाटत होतं, मूठ तोंडाशी नेत होतं. कुणीतरी म्हणालं, "आजी, डबा आणून ठेवा, आईला दूध यायला तीन दिवस लागतील." मी खाली मेडिकलमध्ये गेले. पावडरचा डबा, बाटली, बाटली घासायचा ब्रश, सगळं मिळून साडेसातशे रुपये झाले. वर येऊन मी माझ्या हातानं नातीला बाटली लावली. ती पिऊन झोपली आणि मला बरं वाटलं. लेक तासा-दीड तासानं खोलीत आली तेव्हा बाळ गाढ झोपेत. छातीशी धरलं तरी तोंड उघडेना.

त्या वेळी मी डबा आणायला नको होता, बाळाला लेकीच्या छातीशी न्या, असं सांगायला हवं होतं. कंबरेत इंजेक्शन देऊन सिझेरियन केलं की आई जागी असते, आणि पहिल्या तासाभरात बाळाला तिच्या छातीशी लावता येतं. डबे-बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडं १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, दवाखान्यातही. डॉक्टरांनी कारण सांगून वरचं दूध लिहून दिलं तर ते औषधासारखं द्यावंच लागतं. आमच्याकडं कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

रात्री दोनला ड्युटीवरच्या सिस्टर आल्या. लेक रडत होती, "आई, येतच नाही काही." सिस्टरनी पाठीमागं दोन उशा लावून तिला थोडं उठवलं. बाळाला काखेखालून धरायला लावलं, पाय मागच्या बाजूला, म्हणजे टाक्यांवर लाथ बसत नाही. मग दाखवलं: बाळाचं डोकं, खांदा, कंबर एका रेषेत. बाळाचं पोट आईच्या अंगाला चिकटलेलं. बोंड आधी बाळाच्या नाकासमोर धरायचं, मग बाळ मान मागं टाकून मोठं तोंड उघडतं, तेव्हा झटकन बाळाला छातीकडं आणायचं. छाती वाकवून बाळाकडं न्यायची नाही. तोंडात नुसतं बोंड गेलं तर बोंड चिरतं आणि दूधही येत नाही. भोवतीचा काळा भागही आत जायला हवा, विशेषतः खालच्या बाजूचा. बाळाची हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. मी तीन लेकरं पाजली, पण यातलं एकही मला कुणी असं बोट ठेवून सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी हातानं दाबून चमचाभर चीक काढला. पिवळा, घट्ट, चिकट. "पहिल्या दिवशी पोटात मावतंच एवढं," असं म्हणून तो चमच्यानं नातीच्या ओठाला लावला. आमच्याकडं गाय व्याली की वासराला आधी चीक पाजतात, आणि उरला तर खरवस होतो. वासराला चीक मिळाला नाही तर ते जगत नाही, हे शेतावरचं पोरगंही सांगेल. आणि बाळंतिणीचा चीक मात्र ‘जड असतो’ म्हणून पिळून टाकायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. माझाही टाकला होता.

६ डिसेंबरला दुपारी घरी आलो. त्याच दिवशी पाचवी. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८२, दारातच चांदीची अंगठी आणि मधाची वाटी घेऊन उभ्या होत्या. "लेकराची जीभ गोड करा गं आधी." वर्षाच्या आत बाळाला मध द्यायचा नाही हे सिस्टरनी बजावलं होतं. मधात काही जंतूंची बीजं असू शकतात, त्यानं लहान बाळाला अंग लुळं पाडणारा बोटुलिझम नावाचा आजार होतो. मोठ्यांच्या पोटात ती बीजं काही करत नाहीत. पण ८२ वर्षांच्या बाईला दारात अडवून हे सांगायचं कसं? मी वाटी हातात घेतली, देवापुढं ठेवली आणि म्हणाले, "आत्याबाई, मध सटवाईला ठेवू. लेकराच्या वर्षाला तुमच्याच हातानं चाटवायचा." त्या थोड्या गप्प झाल्या, पण मानल्या.

त्याच रात्री सगळं अंगावर आलं. लेकीच्या छात्या दगडासारख्या दाटल्या होत्या. बोंडांना चिरा पडलेल्या. बाळानं तोंड लावलं की ती दातांवर दात धरून रडायची, आणि ते ऐकून बाळ आणखी रडायचं. पहाटे तीनला ती म्हणाली, "आई, डबा दे. माझ्याच्यानं होईना गेलंय." डबा कपाटावर होता. मी उठलेही.

इथं मला ३० सप्टेंबर १९९३ सांगावं लागेल. हीच लेक तेव्हा सात आठवड्यांची होती. गणपती बोळवून गाव झोपलेलं आणि पहाटे चारच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या घराची माळवदं खाली आली. मी हिला छातीशी धरून बाहेर पडले ते पुढं कित्येक महिने पत्र्याच्या शेडात. चार दिवस मला पान्हाच फुटला नाही. बायका जमल्या, "भेदरलीय, दूध आटलंय, पुरंना गेलंय लेकराला" असं एकमेकींत बोलल्या, आणि कुणीतरी पाणी घातलेलं गाईचं दूध बाटलीत भरून हिला लावलं. त्या बायकांची माया खोटी नव्हती, स्वतःची माणसं मातीखाली गेलेली असताना त्या माझ्यासाठी धावत होत्या. पण माझ्या छातीशी लेकरू पुन्हा लावून बघ, असं एकीनंही म्हटलं नाही. भेदरलेली गाय पान्हा चोरते, तिच्या पाठीवर हात फिरवला, वासरू हुंगू दिलं की पुन्हा सोडते. हे आम्हा सगळ्यांना गाईच्या बाबतीत माहीत होतं. हिला पुढं वर्षभर जुलाब लागत राहिले. मी ते आजवर कुणाजवळ बोलले नव्हते.

त्या रात्री मी डबा काढला नाही. गरम पाण्यात कापड पिळून छातीवर ठेवलं, हलक्या हातानं वरून बोंडाकडं दाबत थोडं दूध वाटीत काढलं. काळा भाग मऊ पडल्यावर बाळाला तोंडात घेता आलं. पाजून झाल्यावर गार कापड. चिरांना तिचंच दूध लावून हवेवर वाळू दिलं. मी पाठीमागं बसून तिचे खांदे चोळत होते आणि एकच बोलत होते, "येतंय माय, बघ गिळायला लागलीय." गिळण्याचा आवाज खरंच येत होता, बारीक ‘क्-अ’ असा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर स्तनपानाचे मराठी व्हिडिओ आहेत. जावयानं ते फोनवर पाठवले आणि बाळ कसं धरायचं हे आम्ही दोघींनी दुसऱ्या दिवशी चार वेळा बघितलं. चिरा भरायला नऊ-दहा दिवस लागले. ताप, थंडी, छातीचा एकच भाग लाल आणि तापलेला असं दिसलं तर घरी काही करत बसू नका, डॉक्टरकडं जा. त्या काळातही पाजणं थांबवायचं नसतं.

९ डिसेंबरला आशाताई आल्या. सिझेरियन असेल तर त्यांच्या भेटी सातव्या दिवसापासून असतात: ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. झोळीचा काटा लावून वजन केलं तर अडीच किलो. माझ्या पोटात गोळा आला. त्या म्हणाल्या, पहिल्या दिवसांत वजन उतरतंच, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर यायला पाहिजे. तोवर लंगोट मोजा. पाच-सहा दिवसांनंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील तर दूध पोटात जातंय.

मी हे मोजायचं काम आत्याबाईंकडं दिलं. लंगोट ओला झाला की त्यांनी जोंधळ्याचा एक दाणा पितळेच्या वाटीत टाकायचा. सकाळी वाटी मोजायची. पहिल्या दिवशी सात दाणे, दुसऱ्या दिवशी नऊ. दोन दिवसांपूर्वी "लेकरू उपाशी हाय" म्हणून घुटीचं बोंडलं शोधणाऱ्या आत्याबाई आता बाजेशेजारी वाटी घेऊन बसायला लागल्या. १३ डिसेंबरच्या बारशाला घर बायकांनी भरलं. सेलूहून विहीणबाई आल्या होत्या. बाळ रडलं तसं त्या काळजीनंच म्हणाल्या, "ताई, दूध पुरतंय ना हिचं? लेकरू वाळल्यावाणी वाटतंय." लेकीचा चेहरा उतरला. मी काही बोलायच्या आत आत्याबाईंनी वाटी पुढं केली. "नऊ वेळा मुतलीय काल. काय हवेनं मुतली का?" बायका हसल्या. मी लेकीला आत नेलं, दाराला कडी लावली आणि अर्धा तास कुणाला आत सोडलं नाही. चौदाव्या दिवशी वजन २ किलो ७६० ग्रॅम भरलं.

आमच्या घरात कामाची वाटणी अशी ठरली: पाजणं तिचं, बाकी सगळं माझं. रात्री बाळ कुसमुसलं की मी उचलून तिच्याजवळ द्यायचं, पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा, लंगोट बदलायचा. दिवसरात्र मिळून दहा-अकरा वेळा पाजणं होतं. रात्रीचं पाजणं चुकवू नका, दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. ‘आज रात्री मी बाटलीनं पाजते, तू झोप’ असं म्हणणारी आजी मायेनंच म्हणते, पण त्यानं दूध कमी होतं.

खाण्यात मी बाजरीची भाकरी, तूप, शेपू, मेथी, वरण-भात, आणि डिंकाचे, अळिवाचे लाडू दिले. लाडवांनी बाळंतिणीला ताकद येते. दूध वाढतं ते छाती रिकामी होण्यानं, म्हणजे वरचेवर पाजण्यानं. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची आमच्याकडची रीत मी मोडली. पाजायला बसली की शेजारी पाण्याचा तांब्या भरलेला असायचा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, उपकेंद्रात फुकट मिळतात. शेक दिला, पण शेगडीचा धूर कोंडलेल्या खोलीत होऊ दिला नाही. पहिले आठ-दहा दिवस तिला कारण नसताना रडू यायचं, मग ते गेलं. दोन आठवड्यांच्या पुढंही तसंच चाललं, बाळाकडं बघावंसं वाटेना, तर तो आजार आहे असं समजून डॉक्टरांना दाखवावं. ‘तुझंच काय नवीन’ असं कुणी म्हणू नये.

मधल्या काळात जन्मदाखल्याचं काम झालं. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथं होते, गावात नाही. म्हणजे आमची लातूर महापालिकेत. २१ दिवसांच्या आत नोंद मोफत. दवाखान्याच्या कागदावर घाईत आम्हीच आईचं माहेरचं नाव लिहिलं होतं आणि आधारवर सासरचं. त्या दुरुस्तीला दोन खेपा आणि आधारच्या झेरॉक्स लागल्या. बाळाचं नाव लगेच ठरलं नसेल तर दाखला अडत नाही, १२ महिन्यांच्या आत फी न भरता नाव टाकता येतं. लेकीला पगारी रजा असल्यामुळं मातृवंदना योजना लागू नव्हती, पण शेजारच्या सुनेचा फॉर्म आम्ही भरून घेतला. पहिल्या लेकराला दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात आणि दुसरा हप्ता जन्मनोंद व पहिल्या लसींची फेरी झाल्याशिवाय येत नाही. माता व बाल संरक्षण कार्ड जपून ठेवा.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, उपकेंद्रात सहा आठवड्यांच्या लसी झाल्या. टोचताना बाळाला अंगावर घेतलं होतं, दोन मिनिटांत रडू थांबलं. पण त्याच आठवड्यात नवीनच सुरू झालं. सांजच्याला पाच ते नऊ बाळ छाती सोडेना. पाजलं, ठेवलं, पुन्हा रडणं. लेक पुन्हा विचारायला लागली, "आई, कमी पडतंय का गं?" आशाताईंना फोन केला. सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळ झपाट्यानं वाढतं, जास्त ओढून दूध वाढवून घेतं. दोन-चार दिवस तिच्या मनासारखं पाजा, असं त्या म्हणाल्या. त्या चार दिवसांत भाकरीचा तुकडासुद्धा मी लेकीच्या तोंडात भरवला, ती बाजेवरून उठलीच नाही. पाचव्या दिवशी बाळ शांत झालं. वजन ३ किलो ८००.

एप्रिलमध्ये ऊन ४० च्या पुढं गेलं आणि घरादारातला प्रत्येक जण चमचाभर पाणी द्या म्हणू लागला. माझ्याही जिवाला वाटायचं. पण आईच्या दुधात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं, सहा महिने वेगळं पाणी लागत नाही. उन्हाळ्यात बाळ थोडं थोडं पण जास्त वेळा पितं, तेवढं पिऊ द्यायचं आणि पाणी आईला पाजायचं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, ते दिवस आम्ही काढलेत. आजही आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. साठवलेल्या पाण्यात बाटल्या धुवायच्या, उकळायच्या आणि त्या लेकराच्या तोंडात द्यायच्या, यात मला हिच्या बाळपणाचे जुलाब दिसायचे. पाणी दिलं नाही. लंगोट उन्हाळाभर सात-आठ ओले होत राहिले.

१८ मेला रजा संपली. सहा महिने पुरे व्हायला पंधरा दिवस कमी होते. मी लेकीबरोबर संभाजीनगरला गेले. त्याआधी पंधरा दिवस तिनं दूध काढून ठेवायचा सराव केला. हाताचा पंप ९५० रुपयांना आणला होता, पण हातानं काढायला जमल्यावर तो निम्म्या वेळा पडूनच राहिला. स्टीलच्या उकळून घेतलेल्या झाकणाच्या डब्या, त्यावर तारीख आणि वेळेची चिठ्ठी. साध्या खोलीत चार तास टिकतं म्हणतात, पण मे महिन्यात आम्ही लगेच फ्रीजमध्ये ठेवत होतो आणि चोवीस तासांत संपवत होतो. गॅसवर तापवायचं नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात डबी ठेवायची. एकदा पाजताना उरलेलं परत ठेवायचं नाही. बाटली न घेता वाटी-चमचा. पहिले दोन दिवस नातीनं तोंड फिरवलं. आईच्या अंगावरून काढलेली साडी माझ्या मांडीवर पसरून बसले तेव्हा तिसऱ्या दिवशी प्यायली.

बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या ठिकाणी पाजण्यासाठी दोन सुट्ट्या मिळायला हव्यात असा कायदा आहे. लेकीनं रुजू होण्याच्या आठ दिवस आधी तसा अर्ज ईमेलनं दिला. आतून कडी लागणारी एक लहान खोली मिळाली, तिथं ती दोनदा दूध काढायची आणि बर्फाच्या पिशवीत आणायची. संध्याकाळी दारातच चप्पल काढून आधी पाजायला बसायची. चहा मी नंतर द्यायची.

२ जूनला सहा महिने झाले. वजन ६ किलो ७००. मऊ मुगाची खिचडी, वर तूप, असं उष्टावण केलं. दोन वर्षांपर्यंत किंवा त्याही पुढं अंगावर पाजणं चालू ठेवायचं आहे, वरचं खाणं त्याच्या जोडीला.

मृग निघायच्या आत मला गावाकडं परतायचं होतं, पेरणीची तयारी होती. ४ जूनला सेलूहून विहीणबाई आल्या. दोन दिवस आम्ही दोघींनी मिळून केलं. डब्या कशा लावायच्या, जुनी वेळ पुढं, नवीन मागं. लाइट गेली तर फ्रीज उघडायचा नाही. ६ तारखेला सकाळी मी पिशवी भरत होते आणि त्या नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पहिला चमचा हनुवटीवरून ओघळला. त्यांनी चमचा खालच्या ओठावर टेकवला, थोडा तिरपा केला आणि थांबल्या. नातीनं जीभ बाहेर काढून चाटलं. "घेतेय की गं ताई," त्या म्हणाल्या आणि मला बघायला बोलावलं.